"नो अजिनोमोटो, ना?"

आज दुपारी जेवताना जे घडले ते मनातून जात नाही, म्हणून लिहितो आहे. पुण्याहून आलेल्या ताई आणि भाऊजींना न्यूयॉर्कमधील फ्लशिंगच्या बाउन स्ट्रीटवरील गणपतीचे दर्शन घडवून मी मेन स्ट्रीटजवळच्या एका लहानशा चिनी डंपलिंग-नूडल्सच्या खानावळीत घेऊन गेलो. काचेपलीकडे मालकीणबाई पाऱ्या लाटत होत्या, मध्ये जाड आणि कडेला पातळ. सारण भरून, चिमटीने कडा मिटवून एकेक डंपलिंग ताटात मांडत होत्या. हे सारे डोळ्यांसमोर चालले असताना भाऊजींनी खणखणीत आवाजात विचारले, "नो अजिनोमोटो, ना?" बाईंचे लाटणे क्षणभर थांबले.

याच भाऊजींनी काल रात्री पिझ्झावर पार्मेजान चीजची पूड तीनदा भुरभुरवून घेतली होती. त्या चीजमध्ये आणि पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटोला चव देणारा घटक, मुळातच भरपूर असते. पण इटालियन हॉटेलात असा प्रश्न विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेटची ही चव शोधून काढली. पुढे १९६८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने चिनी जेवणानंतर होणाऱ्या त्रासाविषयीचे एका डॉक्टरांचे पत्र 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' या मथळ्याखाली छापले आणि संशय कायमचा चिकटला तो चिनी आचाऱ्याला. कुणाचे डोके खरोखर दुखतही असेल, मी नाही म्हणत नाही. परंतु विचारण्याची काही रीत असते की नाही?

माझा राग थोडा वैयक्तिकही आहे. २०१५ च्या जानेवारीत, येथील माझ्या पहिल्याच हिवाळ्यात, अंगात कणकण असताना मी याच खानावळीत एकटा बसलो होतो. लसूणपात आणि अंड्याची बारा डंपलिंगे मागवली होती, त्यातली चारसुद्धा संपेनात. बाईंनी न मागता एक वाडगा आणून ठेवला, गढूळ, वाफाळते पाणी. भांडी विसळलेले पाणी चुकून आले असे समजून मी तो बाजूला सरकवला. त्यांनी तो पुन्हा माझ्यापुढे ठेवला आणि स्वतःच्या पोटावर हात फिरवून दाखवला. डंपलिंगे ज्या पाण्यात उकडली तेच पाणी जेवणानंतर प्यायले की अन्न पचते, अशी उत्तर चीनमधली समजूत आहे, हे मला पुढे ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितले. पुरणाचा कट ओतून न देता त्याची आमटी करणाऱ्या घरात मी वाढलो, आणि मलाच ते कळले नव्हते!

म्हणजे भाऊजींनी आज तोंडाने जे विचारले, तेच मी तेव्हा वाडगा सरकवून विचारले होते. हे लिहिता लिहिता लक्षात आले, आणि सुरुवातीचा आवेश जरा उतरला आहे.

आज जेवणानंतर तसेच तीन वाडगे आले. ताई एक घोट घेऊन म्हणाली, "शेवया उकडल्यावरचे पाणी असेच लागते." भाऊजींनी आधी वास घेतला, मग काहीही न विचारता वाडगा रिकामा केला. निघताना मी बाईंना "शिएशिए" म्हणालो. माझी चिनी भाषा तेवढ्यावरच संपते. इतक्या वर्षांत त्यांचे नावही मी विचारलेले नाही.