एम्युलेटरच्या डेटा फाइल्स आणि सीसी-झिरो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतक्या तळमळीने लिहिलेल्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय. मेम हा जुन्या गेम-यंत्रांची संगणकावर नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर. त्यातल्या सॉफ्टवेअर याद्या (कोणत्या गेममध्ये कोणत्या चिप्स आहेत याच्या नोंदी) आणि लेआउट फाइल्स (यंत्राचं रूप पडद्यावर मांडणाऱ्या) सीसी-झिरो या सगळे हक्क सोडून देणाऱ्या लायसन्सखाली खुल्या केल्या आहेत, ते योग्यच झालं, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं, की यात माहिती जमवणाऱ्यांचे कष्ट वाऱ्यावर जातात आणि जुने गेम भरलेले डबे विकणारे त्यावर पैसे करतात. जीपीएल (बदल करून वाटलेलं कामही त्याच अटींवर खुलं ठेवायला लावणारं लायसन्स) लावली असती तर निदान त्यांना बांधून ठेवता आलं असतं. कष्टांबद्दल तुम्ही बरोबर आहात. जीपीएलबद्दल मला तसं वाटत नाही.

आधी फाइलमध्ये असतं काय ते बघू. सुपर मारिओ ब्रदर्स या गेमचं कार्ट्रिज (यंत्रात खोचायची गेमची डबी) घ्या. आत प्रोग्रामची ३२ केबीची चिप, चित्रांची ८ केबीची चिप आणि एनरॉम जातीचा साधा बोर्ड. झेल्डाच्या पहिल्या गेमचा बोर्ड वेगळा. त्यात मेमरीच्या बँका (तुकडे) आळीपाळीने बदलणारी एमएमसी-१ चिप आहे आणि सेव्ह टिकवायला बॅटरी. चिपमधून वाचलेल्या बाइट्समध्ये ही जोडणी कुठेच लिहिलेली नसते. ती एम्युलेटरला सांगायला एक्सएमएल फाइल लागते: बोर्डाचं नाव, प्रत्येक चिपचा आकार, तिचा सीआरसी, तिचा एसएचए-१ (चिपमधला डेटा ओळखण्यासाठी त्याच्यावरूनच काढलेले दोन आकडे). आता यातल्या ३२ या आकड्यावर मालकी कुणाची? मी कार्ट्रिज उघडलं तरी ३२, तुम्ही उघडलंत तरी ३२.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये फाइस्ट खटल्यात हेच सांगितलं. प्रश्न टेलिफोन डिरेक्टरीचा होता. नावं-नंबर जमवायला कितीही घाम गाळला तरी नुसत्या घामावर कॉपीराइट मिळत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात केवळ श्रम आणि खर्च पुरेसे मानले नाहीत. युरोपात मात्र १९९६ च्या निर्देशामुळे डेटाबेस उभारायला मोठी गुंतवणूक केली असेल, तर १५ वर्षांचा वेगळा हक्क मिळू शकतो. म्हणजे एकाच यादीवर एका देशात हक्क असू शकतो आणि दुसऱ्या देशात काहीच नाही.

जीपीएल चालते ती कॉपीराइटच्या जोरावर. जिथे हक्कच नाही तिथे ती डबेवाल्याला कशी अडवणार? अडतो तो नियम पाळणारा माणूस. ज्याचा एम्युलेटर जीपीएलशी न जुळणाऱ्या लायसन्सखाली आहे, तो बिचारा यादीला हात लावताना दहा वेळा विचार करतो आणि शेवटी तीच माहिती पुन्हा पहिल्यापासून जमवतो. सीसी-झिरो ही भीती काढून टाकते. कॉपीराइट असो वा डेटाबेसचा हक्क, जो काही असेल तो सोडला, आणि एखाद्या देशाचा कायदा सोडू देत नसेल तर सगळ्यांना बिनशर्त परवानगी दिली, असं तिच्या मजकुरातच आहे.

डबेवाल्यांबद्दलची तुमची चीड माझीही आहे. पण ते चोरतात तो गेमचा रॉम, म्हणजे चिपमधून उतरवलेला खुद्द गेम, आणि त्याचा कॉपीराइट गेम कंपनीकडे असतो. तो मोडताना ज्यांचा हात थरथरला नाही, ते यादीच्या लायसन्सला काय भीक घालणार! मेमचाच इतिहास बघा. १९९७ पासून त्याच्या लायसन्समध्ये व्यापारी वापराला सरळ बंदी होती. डबे तरीही विकले गेले. त्या बंदीपायी डेबियन या लिनक्स-वितरणाला मात्र मेम 'नॉन-फ्री' विभागात ठेवावं लागलं. मार्च २०१६ मध्ये मेम मुक्त झालं, एकूण प्रकल्प जीपीएलखाली आणि बहुतेक फाइल्स बीएसडी या कमी अटींच्या लायसन्सखाली. त्यासाठी १९ वर्षांत कोड दिलेल्या माणसांना शोधून त्यांची संमती घ्यावी लागली. सुरुवातीला घातलेली एक अट काढायला एवढे हेलपाटे पडतात.

एका ठिकाणी मात्र माझं चुकलं. 'डेटा फाइल्सना कॉपीराइट लागूच होत नाही' असं मी सरसकट लिहिलं होतं. बुद्धिबळ खेळणाऱ्या एका जुन्या यंत्राचा लेआउट मी स्वतः लिहिलाय. पट्टी लावून बटणं मोजली, त्यांचे एक्स-वाय फाइलमध्ये टाकले. ते झालं मोजमाप. पण विझलेला लाल एलईडी किती गडद दाखवायचा, प्लास्टिकचा करडा कोणता घ्यायचा, पटाभोवतीची कड ठेवायची की नाही, हे माझे निर्णय होते. दोन संध्याकाळी नुसत्या त्या करड्या रंगात गेल्या. अशा फाइलवर लेखकाचा हक्क असू शकतो, आणि तो सोडायचा की नाही हे त्यानेच ठरवायचं. मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे.

फेडोरा या लिनक्स-वितरणाने सीसी-झिरो नाकारली, हा दाखला तुम्ही दिलात, तो अर्धा आहे. २०२२ मध्ये त्यांनी सीसी-झिरो नाकारली ती कोडसाठी, कारण तिच्यात पेटंटचे हक्क राखून ठेवलेले आहेत. कोड नसलेल्या मजकुरासाठी ती त्यांना चालते.

राहिला श्रेयाचा प्रश्न. सीसी-झिरो कुणाला नाव द्यायला भाग पाडत नाही, हे खरं आणि ते मलाही खुपतं. मेमच्या कित्येक लेआउट फाइल्समध्ये लायसन्सच्या ओळीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. याद्यांमध्येही ही पद्धत पाळावी, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही सहा कार्ट्रिज उघडून बोर्डांच्या नोंदी केल्यात असं लिहिलंय. त्या यादीत आहेत का ते आपण मिळून तपासू. नसतील तर मी एक्सएमएल लिहून देतो, वर तुमचं नाव कसं लिहायचं तेवढं कळवा.