तोरणाखालचा बैल आणि तेलाची बाटली

पोळा जवळ आला की अचलपूर तालुक्यातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, ठरलेला वाद पेटतो: ख्रिस्ती शेतकऱ्याने बैल तोरणाखाली न्यावेत की नाही? यंदा नव्या पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, उपदेशातच बजावलं, ही मूर्तिपूजा आहे, ज्याने बैल नेले त्याने प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, पुढे येऊ नये. मोठेबाबा फोनवर तडकले, "बैलाले पुरणपोळी चारली तं देव कोपते का रे? वर्षभर राबला कोण, तो का पाळकसाहेब?"

मी राहतो युट्रेक्टला, नेदरलँड्समध्ये. इथून मत द्यायला काही पडत नाही, हे मोठेबाबा ऐकवतातच. तरी देतो.

पाळकसाहेबांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. बायबलमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीलाही हाच घोर होता. प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 10 व्या अध्यायात सांगितलं, बाजारात मिळेल ते विचारपूस न करता खा. पण हे मूर्तीला वाहिलंय असं कोणी सांगितलं तर त्याच्या मनाखातर खाऊ नका. म्हणजे पुढे नारळ फुटतो, आरती होते तिथे हात जोडू नयेत, हे कबूल. पण आदल्या संध्याकाळी हळद-तुपाने बैलाचे खांदे शेकायचे आणि त्याच्या कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या", यात कसली आली पूजा? ते राबणाऱ्या जिवाचे उपकार मानणं आहे.

मला खटकतं ते वेगळंच. याच मंडळीत घरोघरी चौकटीवर 'अभिषिक्त', म्हणजे प्रार्थना करून पवित्र केलेल्या, तेलाची बाटली ठेवलेली असते. बोटभर उंचीची, आत साधं खोबरेल, वर सभा घेणाऱ्या प्रचारकाचा हसरा फोटो. पोराच्या परीक्षेला, विहिरीवरच्या मोटारीला, पेरणीआधी बियाण्याच्या थैलीला त्यातलं बोट लागतं. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा असं याकोबाच्या पत्रात आहेच. पण बाटली संपली की जीव कासावीस होतो आणि पुढच्या सभेचे पैसे बाजूला पडतात, तेव्हा भरवसा कशावर आहे? यावर कधी उपदेश झाल्याचं मला आठवत नाही.

बायबलमध्ये मोशेने पितळेचा साप केला तो देवाच्याच सांगण्यावरून. पुढे लोक त्याला धूप जाळू लागले, तेव्हा हिज्किया राजाने तो फोडला. शेजाऱ्याचा देव ओळखायला अक्कल लागत नाही. आपल्याच घरात, देवाच्याच नावाने आलेली वस्तू फोडायला हिज्कियाची छाती लागते.

फोडाफोडी इथेही भरपूर झाली. 1566 मध्ये प्रोटेस्टंट लोकांनी चर्चमधल्या मूर्ती फोडण्याची लाट नेदरलँड्सभर उसळली. युट्रेक्टच्या डोम चर्चमध्ये एक कोरीव शिल्पपट आहे. वस्त्रांच्या चुण्या शाबूत, चेहरे मात्र छिन्नीने साफ उडवलेले. मी बराच वेळ त्याच्यापुढे उभा राहतो. फोडणारे मनाचे सच्चे असतील, पण आज या देशात अनेक चर्चं ओस पडलीत, मास्ट्रिक्टमधल्या एका जुन्या चर्चमध्ये तर पुस्तकांचं दुकान आहे. भिंती कोऱ्या करून मनं कोरी झाली नाहीत. लोभ म्हणजे मूर्तिपूजाच, असं कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. त्या मूर्तीला चेहराच नाही, छिन्नी चालवणार कुठे? इथे घराचं कर्ज आणि वर्षभर आधी ठरवलेली सुट्टी यांना कोणी हात लावायचा नसतो, रविवार हलला तरी चालतो.

आणि गावाकडे? तिथे ती मूर्ती मीच झालोय, सांगायला लाज वाटते. प्रार्थनासभेत साक्षी, म्हणजे देवाने काय दिलं याचे अनुभव, होतात त्या व्हिसाच्या, नोकरीच्या, प्लॉटच्या. "प्रभूने पोराला युरोपात नेलं" म्हटलं की हालेलूया घुमतो. कापूस बुडाला, सोसायटीचं कर्ज तसंच आहे, तरी मी उपासनेला आलोय, अशी साक्ष मी आमच्याकडे अजून ऐकलेली नाही. कोणी दिलीच, तर याचा विश्वास कमी पडला म्हणून त्याच्यासाठीच उपास-प्रार्थना ठेवतील.