रात्री अकरा वाजता तुम्ही कोणत्या देशात असाल?

भाच्याला ओस्लोत नोकरी लागली तेव्हापासून नवऱ्याच्या डोक्यात नॉर्वेतलंच ट्रॉम्सो बसलं होतं. ओस्लोहून आणखी दोन तास विमानाने वर, आर्क्टिक वर्तुळाच्याही साडेतीनशे किलोमीटर पलीकडे. बरं, जायचं तेही ऐन हिवाळ्यात. कारण नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आकाशात दिसणारा तो हिरवा प्रकाश. उन्हाळ्यात तिथे रात्रच होत नाही, मग लाइट्स दिसणार कशात?

नवरा म्हणाला, नाताळच्या सुट्टीत जाऊ. मी जरा वाचलं तर कळलं, की 27 नोव्हेंबरच्या सुमारास तिथला सूर्य जो बुडी मारतो, तो जानेवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर डोकं काढत नाही. त्यातही आजूबाजूला डोंगर, म्हणून गावाला तो प्रत्यक्ष दिसायला 21 जानेवारी उजाडते. (उजाडते म्हणायचं आपलं.) त्या दिवशी तिथले लोक सूर्याच्या नावाने जॅम भरलेले गोड बन खातात. दुपारच्या आसपास चारेक तास निळसर संधिप्रकाश असतो म्हणे, तेवढ्यात काय ते स्थलदर्शन उरकायचं.

"मग तिथे संकष्टी कशी करायची?" सासूबाईंनी विचारलं. गुडघ्यांमुळे त्या येणार नव्हत्याच, पण विचारून ठेवलेलं बरं, असा त्यांचा स्वभाव. भाच्याने फोनवर इमानदारीत माहिती दिली, की त्या काळात पौर्णिमेच्या आसपास चंद्र काही दिवस मावळतच नाही आणि अमावास्येच्या बाजूला उगवतच नाही.

"अगं बाई, म्हणजे चंद्रसुद्धा भरवशाचा नाही," म्हणून त्यांनी त्या गावाचा विषय स्वतःपुरता मिटवला.

थंडीने मात्र नवऱ्याची निराशा केली. ऑफिसात तो "उणे तीस" सांगून मोकळा झाला होता. प्रत्यक्षात समुद्राचा उबदार प्रवाह किनाऱ्याला लागून जातो, त्यामुळे जानेवारीची सरासरी उणे चारच्या आसपास. "फक्त चार?" त्याचा चेहरा पडला. "अरे, लेह याहून गार असतं!" मग भाच्याने त्याची समजूत काढली : मामा, खरी मजा थंडीत नाही, घसरण्यात आहे. बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, रस्त्याची काच होते. म्हणून तिथल्या आज्यासुद्धा बुटांना खाली काटे लावून फिरतात. नवऱ्याने काट्यांच्या दोन जोड्या लगेच मागवल्या आणि हॉलमधल्या फरशीवर चालून बघितल्या. फरशीवर त्या चालण्याच्या खुणा अजून आहेत.

बघायचं काय, याची यादी सोपी होती. 1965 सालचं ते त्रिकोणी, पांढरंशुभ्र आर्क्टिक कॅथेड्रल. पुलापलीकडून डोंगरावर नेणारी केबल कार, वर 421 मीटरवर. ध्रुव संग्रहालय, म्हणजे आमुंडसेन. हा गृहस्थ दक्षिण ध्रुवावर पहिला पोचला आणि 1928 मध्ये याच ट्रॉम्सोहून दुसऱ्यांना शोधायला विमानाने निघाला, तो कायमचाच नाहीसा झाला. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही.

खर्चाचं फार बोलत नाही. एक क्रोन म्हणजे आठ-नऊ रुपये. दर आकड्याला नऊने गुणायची मला इतकी सवय लागली, की भाजीवाल्याने मेथीची जुडी तीस सांगितली तर मी दोनशे सत्तर म्हणून किंचाळले.

आणि मग व्हिसा. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो, त्या शेंगेन व्हिसाला सगळं कसं आखीवरेखीव लागतं. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा फोटो, तीस हजार युरोंचा विमा, बँकेचे स्टेटमेंट, परतीचं बुकिंग, हॉटेलं, शिवाय रोजचा कार्यक्रम तारीखवार. नवऱ्याने एक्सेलमध्ये रंगीत तक्ता केला. तिसऱ्या दिवसापुढे रात्री अकराला त्याने लिहिलं : नॉर्दर्न लाइट्स पाहणे.

नक्की कुठे पाहणे, हे लिहायला म्हणून मी त्या लाइट्सच्या सहलवाल्यांना विचारलं. उत्तर तत्काळ आणि अत्यंत नम्र आलं. लाइट्स शंभर किलोमीटर उंचावर असतात, ढग त्यांच्या खाली. म्हणून बस ढग नसतील तिकडे जाते. कुठे ते संध्याकाळी ठरतं. कधी फिनलंडमध्येही जावं लागतं, तरी पासपोर्ट जवळ ठेवावा. लाइट्स दिसतीलच अशी हमी नाही. पैसे परत मिळत नाहीत.

म्हणजे सरकारला आमची प्रत्येक रात्र लेखी हवी, आणि ज्या एका रात्रीसाठी हा सगळा खटाटोप, त्या रात्री आपण कोणत्या देशात असू हे खुद्द ड्रायव्हरलाही ठाऊक नाही. नवऱ्याने बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं. मग त्या चौकोनात टाइप केलं : "नॉर्वे (ढगाळ असल्यास फिनलंड)".

पुढचा चौकोन त्याने हिरवा रंगवला. निदान तक्त्यात तरी लाइट्स दिसायला हव्यात, म्हणाला.