जठराचा लिम्फोमा आणि गुणसूत्रांचा बागुलबुवा

जठराच्या लिम्फोमाविषयी, म्हणजे तिथल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींपासून होणाऱ्या कर्करोगाविषयी, एक मजकूर बराच फिरतो आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: हा कर्करोग गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे होतो, म्हणजे तो जन्मजात आणि घराण्यात चालत येणारा. जंतूंचा त्याच्याशी संबंध नाही, तेव्हा अँटिबायोटिक देणे ही निव्वळ धूळफेक. रिपोर्टमध्ये गुणसूत्राचा दोष निघाला की संपलेच. आणि म्हणून घरातल्या सगळ्यांनी रक्त देऊन गुणसूत्रे तपासून घ्यावीत.

गुणसूत्रांत बिघाड सापडतो, एवढे खरे. त्या एका खऱ्याच्या आडून बाकीचे सगळे खपवलेले आहे.

‘जन्मजात’ हा शब्द आधी घेऊ. निरोगी जठराच्या अस्तरात लिम्फॉइड ऊतीची, म्हणजे या लिम्फोसाइटच्या ऊतीची, नीट बांधलेली वस्ती नसतेच. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू अस्तरात ठाण मांडून बसला, वर्षानुवर्षे दाह चालू राहिला, की मग तिथे लिम्फोसाइट गोळा होतात. १९८३ साली आयझॅक्सन आणि राइट यांनी ज्याचे वर्णन केले तो माल्ट लिम्फोमा (माल्ट म्हणजे अस्तरातली लिम्फॉइड ऊती) याच नंतर आलेल्या वस्तीत उगवतो. ज्या ऊतीत रोग होतो तीच जन्माच्या वेळी जागेवर नसते, तर रोग जन्मजात कसा? गुणसूत्रांचा बिघाड गाठीतल्या बी-पेशी या लिम्फोसाइटपुरता असतो. त्याच माणसाच्या त्वचेतल्या किंवा यकृतातल्या पेशींत तो सापडत नाही, आणि मुलांकडेही जात नाही.

‘जंतूंचा संबंध नाही’ हे तर तीस वर्षांपूर्वीच निकालात निघाले आहे. १९९१ मध्ये वदरस्पून आणि सहकाऱ्यांनी जठराच्या माल्ट लिम्फोमाचे ११० रुग्ण तपासले आणि ९२ टक्क्यांत हा जंतू सापडला. १९९३ मध्ये त्याच गटाने सहा रुग्णांना जंतू मारणारी औषधे दिली आणि पाच जणांचा लिम्फोमा मागे हटला. केमोथेरपी नाही, शस्त्रक्रिया नाही. त्याच सुमारास प्रयोगशाळेतही एक गोष्ट दिसली. गाठीतल्या पेशी काचपात्रात जंतूच्या ठरावीक वाणासोबत ठेवल्या की वाढत, पण त्यातून टी-पेशी हे दुसऱ्या प्रकारचे लिम्फोसाइट काढून घेतले की वाढ थांबे. जंतू टी-पेशींना चिथावतो आणि टी-पेशी बी-पेशींना. जंतू गेला की ही साखळीच तुटते. आज जंतू असलेल्या, जठरापुरत्या मर्यादित रुग्णांपैकी साधारण तीनचतुर्थांश नुसत्या अँटिबायोटिकने बरे होतात. घाई मात्र चालत नाही. गाठ विरायला महिने लागतात, कधी वर्षाहूनही जास्त, आणि तोवर पुन्हा पुन्हा एंडोस्कोपी करून लक्ष ठेवतात.

मग उरलेल्यांचे काय? गुणसूत्रांचा प्रश्न खरा इथे येतो, आणि मजकूर लिहिणाऱ्याने नेमका हाच भाग वाचलेला दिसत नाही.

जठराच्या माल्ट लिम्फोमात सर्वांत जास्त आढळणारे स्थानांतर ११ आणि १८ या गुणसूत्रांमधले. साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत ते असते. दोन्ही गुणसूत्रे तुटतात, तुकड्यांची अदलाबदल होते, आणि ११ वरच्या एपीआय-२ या जनुकाचा पुढचा भाग १८ वरच्या माल्ट-१ च्या मागच्या भागाला चिकटतो. त्यातून बनणारे जोड-प्रथिन एनएफ-कॅपा-बी हा पेशीला जगवणारा, वाढवणारा मार्ग सतत चालू ठेवते. बेलचे बटण आत रुतून बसावे आणि दारात कोणी नसतानाही ती वाजत राहावी, तसे. आता जंतू मारून काय उपयोग? चिथावणीची गरजच संपलेली असते. म्हणून हे स्थानांतर असलेले बहुतेक लिम्फोमा अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. १ आणि १४ मधले स्थानांतर याहून विरळा. त्यात बीसीएल-१० हे जनुक अँटिबॉडीच्या जनुकाशेजारी जाऊन पडते आणि बेसुमार चालते, पण मार्ग तोच.

म्हणजे ‘संपलेच’? उलट. ११-१८ स्थानांतर असलेल्या गाठींत पुढचे बिघाड सहसा साचत नाहीत, आणि मोठ्या पेशींच्या आक्रमक लिम्फोमात त्यांचे रूपांतर क्वचितच होते. हे स्थानांतर नसलेल्या गाठींत मात्र ३ किंवा १८ क्रमांकाच्या गुणसूत्राची तिसरी प्रत वगैरे बदल जास्त दिसतात. अँटिबायोटिकला हट्टी, पण स्वभावाने संथ, असा हा विचित्र प्राणी आहे. जठरापुरत्या रोगावर रेडिओथेरपी उत्तम चालते, मग स्थानांतर असो वा नसो. जंतू सापडला तर अँटिबायोटिक याही रुग्णांना आधी देतातच, कारण थोड्यांना तरी गुण येतो. स्थानांतराच्या रिपोर्टने कळते ते एवढेच, की त्यावर किती विसंबायचे आणि पुढच्या उपायाची तयारी कधी करायची.

राहिली घरच्यांची रक्ततपासणी. हा दोष शोधतात तो बायोप्सीच्या तुकड्यात, फिश नावाच्या चाचणीने. माल्ट-१ जनुकाच्या दोन बाजूंना लाल आणि हिरवा असे चमकणारे रंग लावतात. जनुक शाबूत असेल तर दोन्ही ठिपके एकमेकांना खेटून पिवळसर दिसतात. तुटले असेल तर लाल एकीकडे आणि हिरवा दुसरीकडे. पॅथॉलॉजिस्ट अशी केंद्रके एकेक करून मोजतो. रक्तातून होणारी नेहमीची गुणसूत्र तपासणी जन्मजात रचना दाखवते, आणि ती जठराचा लिम्फोमा झालेल्या रुग्णाचीसुद्धा नॉर्मल येईल. धडधाकट नातेवाइकांच्या रक्तात त्यातून काय सापडणार, हे मजकुरात कुठेच सांगितलेले नाही.