दोन कायम शिक्षक जामीन हवेत

प्राध्यापकाला परिषदेत संशोधनाचा पेपर वाचायला पंधरा मिनिटं मिळतात. उद्घाटन लांबलं की सात, आणि उद्घाटन लांबतंच. पेपर एका रविवारी लिहून होतो. रजेच्या फाइलला महिना लागतो. त्यामुळे 'व्यावसायिक विकास' यातल्या नेमक्या कशाला म्हणायचं, याबद्दल माझं मत पक्कं झालं आहे.

परिषदेसाठी मिळते ती कर्तव्य रजा तशी उदार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांनुसार शैक्षणिक वर्षात जास्तीत जास्त 30 दिवस. पण अर्जाला निमंत्रणपत्र जोडायचं आणि त्याखाली ॲडजस्टमेंटचा कागद: वार, तास, वर्ग, बदली शिक्षक, सही. घोडं अडतं ते सहीच्या रकान्यात. ज्याला आपण वर्षानुवर्षं चहा पाजला, त्याचं नेमकं त्याच तासाला प्रॅक्टिकल निघतं. शेवटी सही करतात ते तासिका तत्त्वावरचे सर. त्यांना स्वतःला अशी रजा नाही; ते परिषदेला गेले तर त्या तासांचे पैसे बुडाले. आपल्या विकासाचा निम्मा भार तेच उचलतात, पण त्यासाठी कागदावर रकाना नाही.

पैशाचं पंचांग वेगळं. परिषदेच्या 'अर्ली बर्ड' फीची, म्हणजे लवकर नोंदणीच्या सवलतीची मुदत दोन-तीन आठवड्यांत संपते. बजेटात तरतूद नसेल तर विषय महाविद्यालय विकास समितीपुढे जातो, आणि 2016च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे ती वर्षातून किमान चारदा भरायची असते. 'किमान' हा शब्द व्यवहारात 'फार तर' असा वाचावा. म्हणून जाणती माणसं फी खिशातून भरतात आणि 'कार्योत्तर मंजुरी मिळावी' असा अर्ज टाकतात. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे रद्दी.

खरी परीक्षा परतल्यावर, प्रवासभत्त्याच्या बिलाची. हॉटेलची थर्मल कागदावरची पावती पाकिटात ठेवली की काही महिन्यांत कोरी होते. तिच्यावर शाई नसतेच, उष्णतेनं काळा होणारा लेप असतो. प्लास्टिकच्या फोल्डरात तर त्याचा काळेपणा आणखी लवकर उडतो. म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढावी, मूळ पावती तिला स्टेपल करावी, खाली सही ठोकावी. पैसे मिळाल्याची पावती पाच हजारांवर गेली तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट आणि सही त्याच्यावरून आडवी. तिकिटाशेजारी सुबक सही केलीत तर बिल परत.

उपस्थिती प्रमाणपत्रावर 'अमुक ते तमुक' अशा तारखा हव्यात. नुसती पहिल्या दिवसाची तारीख असेल तर उरलेले दिवस किरकोळ रजेत जातात. कार्यमुक्ती आणि रुजू अहवाल यांच्यात एका दिवसाची फट दिसली की ऑफिसातले भाऊसाहेब चष्म्यावरून बघत विचारतात, "सर, बारा तारखेला कुठं होता?" 'रेल्वेत' हे उत्तर बरोबर आहे, पण तिकिटासकट.

शिक्षकांचा उजळणीचा रिफ्रेशर कोर्स ऑनलाइन झाल्यापासून रजेचा प्रश्नच मिटला. "घरी बसून कशाला, कॉलेजातूनच करा की," असं प्राचार्य म्हणतात. मग एका कानात व्याख्यान, दुसऱ्यात एफवायचा, म्हणजे पहिल्या वर्षाचा वर्ग, आणि दोन्हीकडे हजेरी.

राहिली अभ्यास रजा. तीन वर्षं सेवा झाली की मागता येते; परतल्यावर किमान तीन वर्षं नोकरी सोडणार नाही, असा बॉण्ड द्यायचा. त्याला हमी हवी: स्थावर मालमत्ता, विमा कंपनीचा बॉण्ड, बँक गॅरंटी, नाहीतर दोन कायम शिक्षकांची जामिनकी. फ्लॅट आधीच बँकेकडे गहाण असतो, त्यामुळे सगळे चौथ्या पर्यायाकडे वळतात. आणि तिथं कळतं की भरती रखडल्यामुळे दोन कायम शिक्षक शोधणं हाच एक संशोधनाचा विषय आहे. एक निवृत्तीला आलेला असतो, तो तीन वर्षांची हमी काय देणार? दुसरा स्वतःच अभ्यास रजेच्या रांगेत असतो आणि जामीन म्हणून आपल्याकडेच बघत असतो.

विभागात कायम म्हणावं असं मग एकच उरतं, कोपऱ्यातलं लोखंडी कपाट. माझ्याहून सीनियर. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीत, त्याची नोंद पक्की आहे. माझ्या सेवापुस्तकातली दोन वर्षं अजून पडताळायची राहिलीत.