खळग्यात पाणी कमी म्हणजे धोका कमी? अजिबात नाही

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा ताईने एक मेसेज टाकला. अमेरिकेच्या वाळवंटातल्या अरुंद घळी दोराने उतरताना वाटेत पाण्याने भरलेले खळगे लागतात, ते पार करायच्या 'सात सोप्या गोष्टी'. लेखकाचं नाव नाही. ताईचा मुलगा ॲरिझोनात शिकतो आणि मित्रांबरोबर अशीच एक घळ उतरायचं त्याच्या मनात आहे, म्हणून तिने तो विश्वासाने त्यालाही पाठवला. हाच मेसेज इकडे नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपांवरही फिरतोय आणि लोक खाली अंगठे देतायत. म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिलीच गोष्ट: 'पाणी जितकं कमी, तितका धोका कमी.'

ज्याने हे लिहिलं त्याला खळगा म्हणजे काय हेच कळलेलं नाही. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेत. पुराच्या पाण्यात गोटे आणि वाळू गरगर फिरतात आणि कातळ आतून कोरत जातात. युटातल्या झायनसारख्या भागात वालुकाश्मात हेच घडतं. फरक एवढाच, की तिथे घळच इतकी अरुंद, की खळगा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेला असतो. काठाकाठाने जायला जागाच नाही. पुढे जायचं तर त्यातूनच.

खळगा तुडुंब भरलेला असला तर पोहत पलीकडे जायचं, काठावर कोपरं टेकायची आणि अंग वर खेचून घ्यायचं. पाणी पाच-सहा फूट खाली गेलं की सगळं उलटं होतं. पाय तळाला टेकत नाहीत, हात काठाला पोचत नाही. भिंत पाण्याने घासून गुळगुळीत झालेली, पुष्कळदा आतल्या बाजूला पोट सुटलेली. बोट अडकवायला खाच नाही. माणूस पाय मारून उसळी घेतो, तळवा ओल्या दगडावर फटकन बसतो आणि तसाच घसरत खाली येतो. पुन्हा उसळी, पुन्हा तेच. पाठीवर भिजलेली सॅक. थोड्या वेळाने बोटं आखडतात, मग दोराची गाठसुद्धा मारता येत नाही. झायनमधली इमले ही घळ असल्या खळग्यांसाठीच प्रसिद्ध आहे आणि तिथे जाणारे लोक आधी पाण्याची पातळी विचारतात ती याचसाठी. पाणी कमी असल्याचं कळलं की त्यांची काळजी वाढते.

बाहेर पडायच्या रीती आहेत, पण मेसेजमध्ये त्यातली एकही नाही. सॅकमध्ये किंवा खास पिशवीत वाळू नाहीतर पाणी भरायचं, तिला दोर बांधायचा आणि ती काठापलीकडे फेकायची. ती तिकडे अडकून बसली, की तिच्या वजनावर आणि दोराच्या घर्षणावर पहिला माणूस वर चढतो. पाण्यात तरंगत, पायाला आधार नसताना ही पिशवी फेकून पाहावी, म्हणजे 'सोप्या गोष्टी'चा अर्थ कळेल. काही ठिकाणी दगडातल्या बारीक भोकांत आकडे अडकवून चढतात. पहिला वर गेला की तो बाकीच्यांना दोर देतो. आणि पहिला माणूस खळग्याच्या पार गेल्याशिवाय मागचा रॅपलिंगचा, म्हणजे ज्यावरून खाली उतरलो तो, दोर ओढून घ्यायचा नाही. दोर ओढला की परतीची वाट संपली. मेसेज म्हणतो, 'सगळे उतरले की लगेच दोर काढा, वेळ वाचतो.' या एका वाक्यापायी अख्खा गट खळग्यात अडकू शकतो.

'वाळवंटातलं पाणी कोमट असतं.' खोटं. खोल घळीच्या तळाला ऊन जेमतेम पोचतं. तिथले अनुभवी लोक पाण्याच्या घळीत भर उन्हाळ्यातही वेटसूट, म्हणजे पाण्यात अंग गरम ठेवणारा पोशाख, घालून उतरतात.

'दोर लावत बसू नका, उडी मारा.' प्रत्येक पुराबरोबर तळाची वाळू सरकते. गेल्या खेपेला जिथे डोक्यावर पाणी होतं, तिथे आज गुडघाभर असेल, आणि गढूळ पाण्यात वरून ते दिसत नाही. घोटा मोडलेल्या माणसाला अशा घळीतून बाहेर कसं काढणार?

'आकाश निरभ्र असेल तर पुराची भीती नाही.' हे नाशिकच्या माणसाने पुढे पाठवावं याचा मला खरंच राग आला. त्र्यंबकला पाऊस कोसळतो, गंगापूर धरणातून पाणी सोडतात, आणि इथे डोक्यावर ऊन असलं तरी गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागतं, हे आपल्याला कुणी शिकवायला हवं? १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनात पेज गावाजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. वादळी पाऊस कित्येक मैल दूर, वरच्या अंगाला झाला होता. घळीपाशी तो नावापुरताच होता. मेसेज पुढे पाठवण्याआधी कुणीही एवढं वाचावं. हवामानाचा अंदाज बघायचा तो घळीला पाणी जिथून येतं त्या सगळ्या टापूचा.

'अडकलात तर एकमेकांच्या खांद्यावर चढा.' हे बरोबर आहे, मान्य करतो. खळगा कोरडा असेल किंवा तळाला पाय टेकत असतील, तर ही पहिली रीत. पण डोक्यावर पाणी असलं तर खांदा देणाराच आधी खाली जातो. मेसेजने ते सांगितलेलं नाही.

उरलं ते 'सांदण केलेल्याला हे किरकोळ.' साम्रद गावाहून सांदण या भंडारदऱ्याजवळच्या अरुंद घळीत शिरल्यावर लागणारं पाणी हंगामात चालत पार करता येतं. कातळ खडबडीत, जागोजागी धोंडे पडलेले, हाताला काही ना काही लागतंच. पहिल्या रॅपलपर्यंत कुठूनही माघारी फिरून गावात येता येतं. दोराची सवय सांदण जरूर लावेल. पण गुळगुळीत वालुकाश्माच्या खळग्यातून वर यायचं शिक्षण तिथे मिळत नाही. ते जाणत्या माणसाबरोबर, सोप्या घळीत, दोर मागे लटकत ठेवून घ्यावं लागतं. आणि निघण्याआधी त्याच घळीतून नुकत्याच उतरलेल्या कुणाला तरी गाठून विचारायचं, की कोणत्या खळग्यात पाणी काठापासून किती खाली आहे. उत्तर मिळालं नाही तर त्या घळीत उतरायचं नाही.