मार्च आला, चला आता टॅक्स वाचवूया

टॅक्स प्लॅनिंगला एकच मुहूर्त असतो, २५ मार्चनंतरचा. त्याआधी कुणी सीएकडे गेला तर समजायचं ह्याला धंद्यात दुसरं कामच नाही. एप्रिल ते फेब्रुवारी तुम्ही गल्ला सांभाळा, बिलं मिळतील तशी पिशवीत कोंबा (साडीच्या दुकानाची पिशवी घ्या, फाटत नाही), आणि मार्चअखेर ती पिशवी सीएच्या टेबलावर टाकून म्हणा, साहेब कायतरी करा, यंदा टॅक्स लय बसतोय. किती बसतोय असं त्याने विचारलं तर वर छताकडे बघायचं. आकडा माहीत असणं हे गिऱ्हाईकाचं काम नाही.

सगळ्यात आवडता उपाय म्हणजे गाडी. मित्राने सांगितलेलं असतं, फर्मच्या नावावर गाडी घे, सगळी टॅक्समधून वजा होते. मग २८ मार्चला १५ लाखांची गाडी घ्या, हार घाला, पेढे वाटा, स्टेटस टाका. आता हिशोब बघू. गाडीवर घसारा (वस्तू जुनी होते म्हणून दरवर्षी खर्च धरायची रक्कम) १५ टक्के, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली म्हणून त्याच्या निम्मा, म्हणजे साडेसात टक्के, म्हणजे १,१२,५०० रुपये खर्च धरला जाणार. तुम्ही २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेस (टॅक्सवरचा टॅक्स) धरून टॅक्स वाचला २३,४००. पंधरा लाख घालवून तेवीस हजार वाचवले की नाही! गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या जीएसटीतून वजा करणं) दुकानदाराला मिळत नाही, पण ते मित्राने सांगितलं नव्हतं त्यामुळे ते धरायचं नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे, सीए पिशवी उलटी करून सांगतो की शेठ तुमचं रिटर्न तर आपण ४४एडीमध्ये (विक्रीच्या ठरावीक टक्के नफा धरायची छोट्या धंद्यांची योजना) भरतो, तिथे घसारा वेगळा मिळतच नाही, तो त्या टक्केवारीतच धरलेला असतो. म्हणजे तेवीस हजार पण गेले. गाडी मात्र छान आहे, सनरूफ वगैरे.

हे ४४एडी प्रकरण तर फारच कंटाळवाणं आहे, शक्यतो वाचू नका. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे नंबर बदलले, योजना तीच आहे, जुना नंबर तोंडात बसलाय म्हणून तोच वापरतो.) त्यात म्हणे २ कोटींपर्यंत विक्री असेल तर वह्या-पुस्तकांचा घोळ न घालता विक्रीच्या ८ टक्के नफा दाखवायचा, आणि जे पैसे बँकेतून, यूपीआयने आले त्यावर फक्त ६ टक्के. रोख जमा एकूण पाच टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा ३ कोटी. अर्थात हा किमान आकडा, खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा असतो, पण ते वाक्य आपण हळू आवाजात वाचतो. आता समजा तुमची विक्री पूर्ण २ कोटी आहे, सगळी बँकेतून. सहा टक्के म्हणजे १२ लाख. आणि २०२५-२६ पासून नव्या रिजीममध्ये (कमी दर, पण बहुतेक वजावटी नाहीत अशी पद्धत) १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट म्हणजे टॅक्समधली सूट धरून टॅक्स शून्य. काही न लपवता, काही न करता शून्य. अशाने माणसाने मर्दुमकी दाखवायची कुठे? सरकारला शेंडी लावल्याशिवाय शून्य आलं तर त्याला चव नसते.

म्हणून मग आपण काय करायचं, तर गल्ल्यावर पाटी लावायची, यूपीआय बंद, फक्त रोख. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूत यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या तेव्हा तिथे अशा पाट्या लागल्याच होत्या, आपण का मागे राहा. आता तीच २ कोटींची विक्री रोखीत करा. आठ टक्क्यांनी १६ लाख नफा, त्यावर सेससकट टॅक्स १,२४,८००. जिथे शून्य होता तिथे सव्वा लाख, नुसत्या पाटीमुळे! पाटीच्या पेंटरला ५०० दिले ते वेगळे. तुम्ही म्हणाल रोखीतली विक्री दाखवतंय कोण. बरोबर आहे, जीएसटी नोंदणीची ४० लाखांची मर्यादा विक्रीवर असते, पैसे कसे आले त्यावर नसते, पण हे फक्त अधिकाऱ्याला माहीत आहे, आपल्याला नाही. माल मात्र होलसेलरकडून पक्क्या बिलावर घ्या हं, म्हणजे खरेदी ७० लाखांची आणि विक्री ३८ लाखांची असं सुंदर चित्र पोर्टलवर तयार होतं.

रोखीतले बाकीचे डावपेच पण शिकून घ्या. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख खर्च दिला तर तो खर्च मान्य होत नाही, म्हणून ९,९९९ ची तीन व्हाउचर करायची. तारीख तीच, माणूस तोच, पेन तेच, आणि दिवसाची बेरीज धरतात हे कुणाला कळणार नाही असा विश्वास ठेवायचा. धंद्यात पैसे अडकले की मेव्हण्याकडून ५ लाख हातउसने घ्यायचे, तेही रोख, घरातलाच माणूस, चेक काय मागायचा. २०,००० किंवा त्याच्या वरचं कर्ज रोखीत घेतलं की जेवढं घेतलं तेवढा दंड लागू शकतो, म्हणजे ५ लाखांवर ५ लाख. परत करताना पण रोखीतच करा, तिथे पण तसाच दंड आहे, एकातून सुटलो तर दुसरा आहेच.

ज्यांना मोठी झेप घ्यायचीय त्यांनी बिलं विकत घ्यावी. माल नाही, नुसतं बिल. दोन-चार टक्के देऊन १८ टक्क्यांचं क्रेडिट, असला धंदा शेअर बाजारात पण नाही. बिल देणाऱ्याचं ऑफिस बघायला जायचं नाही, कारण बऱ्याचदा तिथे दुसऱ्याच कुणाचं तरी पिठाच्या गिरणीचं दुकान असतं. पुढे त्याचं रजिस्ट्रेशन रद्द होतं, क्रेडिट परत करा, वर १८ टक्के व्याज, वर क्रेडिटएवढाच दंड, आणि तो माणूस फोन उचलत नाही. तो बिचारा दुसऱ्या नावाने दुसरं रजिस्ट्रेशन काढण्यात बिझी असतो, समजून घ्या.

नावही न ऐकलेल्या एखाद्या पक्षाला देणगी देऊन कमिशन कापून पैसे परत घ्यायची पण एक लाट होती, जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींवर देशभर धाडी टाकल्या तेव्हा जरा ओसरली. शिवाय ती वजावट जुन्या रिजीममध्येच मिळते, आणि तुम्ही नव्यात आहात, पण उत्साहात माणूस हे विसरतो. इन्शुरन्सवाल्या मेव्हण्याची (हो तोच, ५ लाखवाला) मार्चमधली पॉलिसी पण त्यातलीच, हप्त्यावर मिळणारी ८०सीची वजावट नव्यात नाही. घ्या तरी. नाती टिकतात. बायकोला पगार दाखवायची आयडिया पण जुनी आहे, तिच्याकडे त्या कामाची टेक्निकल किंवा प्रोफेशनल पात्रता नसेल तर तो पगार फिरून तुमच्याच उत्पन्नात मिळवतात, म्हणजे घरात वाद तेवढा नवा.

एवढं सगळं नीट जमलं की रिटर्नमध्ये उत्पन्न येतं वर्षाला सव्वातीन लाख. आता हे जपा. मुलाच्या लग्नाच्या बायोडाटात लिहा महिना दीड लाख, मुलीकडचे हल्ली हुशार झालेत, कुणीतरी हळूच रिटर्नची कॉपी मागतं, तेव्हा विषय पंगतीच्या मेनूवर न्यायचा. तिथून निभावलं तरी पुढे बँक आहे. शेजारचा गाळा विकायला निघतो, चाळीस लाख लोन पाहिजे, आणि मॅनेजर म्हणतो तीन वर्षांचे रिटर्न द्या. रिटर्न बघून तो विचारतो, साहेब सव्वातीन लाखांत घर चालवून वर महिन्याला पस्तीस-चाळीस हजार हप्ता कसा भरणार? खरं सांगायची इच्छा होते. सांगू नका, बाजूच्या टेबलावर तुमच्याच गल्लीतला माणूस बसलेला असतो.

इथे पण उपाय आहे, घाबरायचं कारण नाही. अपडेटेड रिटर्न भरता येतं, आता चार वर्षांपर्यंत मागे जाता येतं. लपवलेलं उत्पन्न स्वतःच दाखवायचं, त्यावरचा टॅक्स आणि व्याज भरायचं, आणि त्या दोन्हींच्या बेरजेवर पहिल्या वर्षात असाल तर २५ टक्के जादा, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. म्हणजे जो टॅक्स तुम्ही इतक्या मेहनतीने, पिशव्या भरभरून वाचवला, तोच तुम्ही स्वखुशीने जादा रेटने भरायचा, ते पण कर्ज मिळावं म्हणून. सीए या कामाची फी वेगळी सांगेल. तिथे मात्र घासाघीस करा, पैसे वाचवायचेत ना.